बारा दिवस दिल्लीत

"वापसी की मोहर पढ़ी नहीं जाती, बहनजी," हवालदार म्हणाला आणि जुन्या पासपोर्टच्या पानाचा झेरॉक्स त्याने टीपॉयवरून तिच्याकडे फिरवला. "अठारह मई सत्तासी को साहब गए, ये तो साफ है. लौटे किस तारीख को?"

वीणाने चहाचा कप त्याच्यापुढे ठेवला. शनिवारची सकाळ होती, अकरा वाजायला आले होते. गुरुनाथ ऑफिसला गेला होता आणि पासपोर्टच्या चौकशीला पोलीस आज येतील असं कुणाच्याच मनात नव्हतं. हवालदार चांगला वाटत होता. दारात त्याने बूट काढून ठेवले होते, "बैठ सकता हूँ जी?" असं विचारून मग तो खुर्चीत टेकला होता. बाकीचे प्रश्न त्याने घाईघाईने उरकले होते. किती वर्षं या पत्त्यावर, नोकरी कुठली, घरमालक कोण. इंग्लंडला कशासाठी, या प्रश्नाचं उत्तर लिहिताना तेवढा तो अडखळला होता. "रग्बी? वो क्या, कुश्ती जैसा कुछ?" "थोड़ा वैसा ही," ती म्हणाली होती. "देखने जा रहे हैं? खेलने नहीं?" "देखने." "सिर्फ देखने के लिए विलायत!" तो हसला होता, आणि तीही हसली होती. आणि आता ही तारीख. कागदावर काळसर गोल डाग होता, त्यात दिल्ली विमानतळाचं नाव अर्धं होतं आणि तारखेच्या जागी शाई फुटली होती. चोवीस जून. तिला तो आकडा डोळे मिटून सांगता आला असता. चोवीस जूनला दुपारी सव्वातीन वाजता गुरुनाथ टॅक्सीतून उतरला होता, गळ्यात काळा मफलर होता, जूनच्या त्या उन्हात, आणि बाहेरच्या फाटकाची कडी काढण्याआधी त्याने तो मफलर घाईने काढून बॅगेत कोंबला होता. तिने वरच्या गॅलरीतून पाहिलं होतं. मफलर कोंबून झाल्यावर त्याने चेहरा बदलला होता. तेही तिने पाहिलं होतं.

त्या वर्षांत चंदिगडच्या मराठी घरांत एक शब्द फार उपयोगी पडत असे. परिस्थिती. बदलीवर आलेली माणसं सगळी, कुणी लष्करातली, कुणी केंद्र सरकारातली. गावाकडे मुंज असली, लग्न असलं, वाटण्यांची बैठक असली, की पोस्टकार्डावर चार ओळी जात: इकडची परिस्थिती तुम्ही पेपरात वाचताच आहात. त्यावर कुणी उलट विचारत नसे. उलट तिकडून काळजीची पत्रं येत, अंगारे येत. वीणाने स्वतः नागपूरच्या मावसबहिणीचं लग्न या शब्दावर टाळलं होतं, कारण त्या बहिणीशी तिचं कधी पटलं नव्हतं. मंडळाच्या गणपतीत वामनराव आपटे सगळ्यांदेखत म्हणायचे, "परिस्थिती आहे म्हणून आपली लाज राहिलीय हो. ती निवळली तर आपल्याला सासुरवाडीला जावं लागेल." आणि सगळे हसायचे. शहरात खरोखर माणसं मरत होती, बसमधून उतरवून मारली जात होती, आणि हे आपले त्या मरणाच्या आडोशाला उभं राहून आपापल्या लहानसहान लबाड्या निभावून नेत होते. त्यात कुणाला काही वाटत नसे. तिलाही वाटलं नव्हतं, सत्याऐंशीच्या जूनपर्यंत.

गुरुनाथ सबनीस पाच वर्षं लष्करात होता, लग्नाआधी. तिथे पुण्याच्या छावणीत त्याने रग्बी उचलली. नाकाचं हाड एकदा मोडलं होतं आणि डावा कान चुरगळल्यासारखा झाला होता; लग्नाच्या फोटोत तो उजवा गाल पुढे करून उभा आहे. नंतर सरकारी नोकरी, फायली, बदल्या. पण लघुलहरींवरचा खरखरणारा रेडिओ कानाशी धरून तो बसायचा तेव्हा त्याचा चेहरा असा काही उजळायचा की लग्नानंतरची पहिली काही वर्षं ती नुसती त्याच्याकडे बघत राहायची. या माणसाला कुणीतरी चुकीच्या देशात जन्माला घातलंय, असं तिला वाटायचं. त्याचा पलटणीतला मित्र नंदकुमार ऑकलंडला स्थायिक झाला होता. सत्याऐंशीत तिकडे पहिली जागतिक स्पर्धा ठरली आणि त्याचं पत्र आलं: ये, राहायला माझं घर आहे, तिकिटं मी काढतो. गुरुनाथने ते पत्र तिला वाचून दाखवलं, मग आईंना वाचून दाखवलं. आई तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या, सांगलीहून येऊन वर्ष झालं होतं, छातीचं दुखणं होतं पण हिंडत्याफिरत्या होत्या. "जा रे," त्या म्हणाल्या, "लोळ जा मातीत." वीणानेच त्याची बॅग भरली होती. ते आठवलं की तिला अजून राग यायचा, त्याचा नव्हे, त्या बॅगेतल्या आपल्या नीटनेटक्या घड्यांचा.

सहा जूनचा शनिवार. सकाळी आठाच्या सुमाराला आई अंथरुणातून म्हणाल्या, "गुरूचा तो रेडिओ लाव गं." दोन दिवस त्या उठल्या नव्हत्या. वीणाने बराच वेळ काटा फिरवला, मधे चिनी बाई बोलली, मधे कसलीशी प्रार्थना लागली, आणि मग एकदम समुद्रासारखा आवाज. माणसांचा. त्यावर एकजण भरभर इंग्रजी बोलत होता. क्राइस्टचर्च म्हणाला. गुरुनाथच्या वेळापत्रकात त्या तारखेसमोर तेच गाव होतं. "आहेत ते त्यात," वीणा म्हणाली. आईंनी रेडिओ उशीवर घ्यायला लावला. गर्दी ओरडली की त्यांचे ओठ हलायचे. "हा बघ, हा त्याचा आवाज," एकदा त्या म्हणाल्या, आणि वीणा "हो" म्हणाली. सातआठ हजार मैल असतील की किती, तिला नक्की माहीत नव्हतं, पण म्हाताऱ्या बाईने एवढ्या आवाजातून आपल्या मुलाचा आवाज वेगळा काढला होता. मंगळवारी पहाटे त्या गेल्या. शहर बंद होतं, वर संचारबंदी लागली होती. डॉक्टर आला नाही. फोन लागायला चार तास लागले, आणि पलीकडे नंदकुमारच्या बायकोने दुपारी झोपलेल्या गुरुनाथला उठवून आणलं.

तिने सांगितलं. पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. तो रडतोय असं तिला वाटलं. मग म्हणाला, "बर्फात ठेवता येणार नाही ना इतके दिवस?" "नाही." "मग मी येऊन काय होणार आहे, वीणा? जे व्हायचं ते झालं. मी पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असेल. आणि तिकीट तेवीसचंच आहे, बदलायचं म्हणजे..." आणि शेवटी, "बघतो मी. बघतो काय होतं ते." तिने फोन खाली ठेवला. खालच्या मजल्यावरचे घरमालक, संपूर्णसिंग बाजवा, दारात उभे होते, डोक्यावर पगडी नीट बांधायलाही वेळ मिळाला नव्हता त्यांना. "निकल पड़े गुरु साहब?" त्यांनी विचारलं. आणि ती म्हणाली, "निकल रहे हैं." ती चूक तिची होती. तिने केली, आणि त्याने ती पुढे चार वर्षं वापरली.

पाच माणसांचा पास मिळाला. तिरडीला खांदा द्यायला चौघे लागतात, तेव्हा बाजवा, वामनराव, शववाहिनीचा ड्रायव्हर आणि ती स्वतः. पाचवा भटजी. बाजवा कालव्यांच्या खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर, तेव्हा पासष्ट वर्षांचे. सेक्टर पंचवीसच्या स्मशानापर्यंत तीन नाके होते. तिन्ही ठिकाणी गाडी थांबवली, आणि तिन्ही ठिकाणी फक्त बाजवांना खाली उतरवलं. हात वर. पगडी चाचपली, दाढीखाली बॅटरी धरली. दुसऱ्या नाक्यावरचा जवान विसाबावीस वर्षांचा होता. "ये तेरी कौन लगती है?" त्याने तिरडीकडे बोट करून विचारलं. बाजवा हात वर ठेवूनच म्हणाले, "माँ लगती है." ती गाडीत बसून होती. हात खाली घेऊन पुन्हा गाडीत चढल्यावर त्यांनी सुटलेली पगडी नीट केली ते तिने पाहिलं. भटजीने विचारलं, मुलगा? ती म्हणाली, येतोय. मग कुणी काही विचारलं नाही. मडकं तिच्या खांद्यावर ठेवलं, तिने तीन फेऱ्या घातल्या, तिनेच अग्नी दिला. एक ठिणगी मनगटावर आली. धूर आणि तूप यांचा वास त्या दिवशीपासून तिच्या डोक्यात एकत्र येतो, वरणावर तूप वाढतानासुद्धा.

चोवीस तारखेला, टॅक्सीतून उतरल्यावर पंधरा मिनिटांनी, याच खोलीत, याच खुर्च्यांवर वामनराव आणि बाजवा भेटायला येऊन बसले होते. तेरावा होऊन तीन दिवस झाले होते. ती चहा करत होती. आणि तिने गुरुनाथचा आवाज ऐकला: "बारा तारखेलाच पोचलो हो दिल्लीला. पण पुढे येऊच देईनात. बसेस बंद, गाड्या बंद. बारा दिवस दिल्लीत अडकलो. परिस्थिती!" मग हिंदीतून तेच, बाजवांसाठी. आणि बाजवांनी उठून त्याला छातीशी धरलं. "बारह दिन अकेला बैठ के रोया होगा तू," ते म्हणाले, आणि स्वतः रडले. तिने आतून पाहिलं की गुरुनाथही रडतोय, खरोखर रडतोय, आपल्याच खोटेपणाची त्याला कीव आली होती बहुधा. तिने चहा नेऊन दिला. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण "निकल रहे हैं" हे तिचे शब्द होते. त्याला खोटं पाडायचं तर आधी स्वतःला पाडावं लागलं असतं. रात्री तो म्हणाला, "दादाला पण असंच कळवू. उगीच कशाला?" आणि सांगलीला मोठ्या भावाला पत्र गेलं. तिकडून सहानुभूतीची सात पानं आली. मंडळाने शोकसभा घेतली, वामनराव बोलले: जन्मदात्रीचं अंत्यदर्शन ज्याला या अभागी प्रांताने घेऊ दिलं नाही. तो मान खाली घालून बसला होता, चुरगळलेला कान लोकांच्या बाजूला. विमानाचं तिकीट त्याने फाडून संडासात टाकलं होतं. आणि मग हळूहळू, पाहुण्यांत, पार्ट्यांत, त्याच्या तोंडून ऑकलंड बाहेर पडू लागलं. अनोळखी माणसाच्या ओसरीवर झोपलो, मटणाच्या गरम पॅटिस खाल्ल्या, पावसात चार तास उभा होतो. फक्त शेवटची मॅच तो कधी सांगत नसे. विचारलं कुणी तर म्हणे, ती नाही बघता आली, आई गेली. लोक च्च् करत.

चार वर्षं ती गप्प होती. चिडून नव्हे. आकडे विसरायचे नाहीत एवढंच तिने ठरवलं होतं. शाळेत ती गणित शिकवायची. मुलांना सांगायची, उत्तर चुकलं तरी रीत लिहून ठेवा.

"बहनजी?" हवालदाराने कप खाली ठेवला. "तारीख याद नहीं?"

खरं सांगितलं तर काय होईल हे तिने एका क्षणात पाहिलं. चोवीस जून, हा लिहून घेईल, सही करील, निघून जाईल. ऑक्टोबरच्या तीन तारखेला लंडनजवळच्या त्या मैदानात इंग्लंड आणि न्यूझीलंड उतरतील आणि गुरुनाथ तिथे असेल, न्यूझीलंडच्या रंगाचा तो काळा मफलर घालून. खऱ्याचा काही उपयोग नव्हता. खरं बोलून या जगात त्याचं काहीच बिघडणार नव्हतं. मग तिला बाजवांचा भाचा आठवला. चार दिवस घरी नव्हता, शेतावर होतो म्हणाला, आणि त्या चार दिवसांसाठी पोलिसांनी त्याला उचलून नेलं ते अकरा दिवसांनी सोडलं. आता तो अंगणात बसून असतो, फाटक वाजलं की आत जातो. गुरुनाथला असं होणार नाही हे तिला माहीत होतं. सबनीस, केंद्र सरकार, गुळगुळीत दाढी. त्याला खुर्ची देतील, चहा देतील, साहेब म्हणतील. ज्या गोष्टीने दुसऱ्याचा पोरगा मोडला तिने याची फक्त अडचण होईल. हा विचार तिने पूर्ण केला, त्याची लाज वाटली, आणि ती लाज बाजूला ठेवून ती बोलली.

"बारह जून को दिल्ली पहुँच गए थे," ती म्हणाली. "घर चौबीस को आए."

हवालदाराचं पेन थांबलं. "बीच में?"

"दिल्ली में अटके थे. यहाँ कर्फ्यू था."

"बारह दिन? कर्फ्यू तो यहाँ तीन दिन का था, बहनजी. मेरी ड्यूटी थी." त्याने कागद जवळ ओढला. आवाज बदलला नव्हता, पण बहनजीच्या आधी तो किंचित थांबला होता. "ठहरे किसके पास थे?"

"वो उन्होंने कभी बताया नहीं."

"कोई होटल? रिश्तेदार?"

"दिल्ली में हमारा कोई नहीं है. आप नीचे बाजवा साहब से पूछ लीजिए. सबको उन्होंने यही बताया है."

त्याने वहीत बराच वेळ लिहिलं. मग उठला, दारात बूट घातले. "साहब को सोमवार को थाने भेजना. गलत कुछ नहीं है जी, पर फॉर्म में बारह दिन खाली नहीं छोड़ सकते, आजकल का हाल आप जानती हैं. अपने हाथ से लिख के लाएँ कि कहाँ थे. और नीचे दो जनों के दस्तखत, जो उन दिनों यहाँ हाज़िर थे."

गुरुनाथ दीडला आला. ती जेवायला वाढत असताना म्हणाली, "पोलीस येऊन गेले."

"आले? अरे वा! मग झालंच. पक्का ऑक्टोबर. काय विचारलं?"

"सत्याऐंशीत परत कधी आलात ते. शिक्का पुसट आहे म्हणाले."

"मग?"

"तुम्ही सगळ्यांना सांगता तेच सांगितलं."

त्याने भात कालवला, एक घास घेतला, दुसरा हातात धरला. तिने पाहिलं, कळायला त्याला तेवढा वेळ लागला. घास ताटात पडला.

"वीणा, तुला कळतंय का काय बोललीस ते? बारा दिवस! या शहरात! माणूस बारा दिवस कुठे होता याचा पत्ता नाही म्हणजे काय समजतात ठाऊक आहे?"

"मलाही पत्ता नाही. कुठे राहिला होतात दिल्लीत?"

"खरं सांगायचं ना मग त्याला!" तो ओरडला.

तिने आमटीची वाटी त्याच्या ताटाजवळ सरकवली. तो तिच्याकडे बघत राहिला, आणि त्या बघण्यात हळूहळू ओळख आली, जणू चार वर्षं घरात वावरणारी ही बाई त्याला आत्ता दिसली. "मुद्दाम केलंस," तो म्हणाला. "हो," ती म्हणाली. "नाही जायचं तर अर्ज मागे घ्या. मग कुणी काही विचारणार नाही. बारा दिवस राहतील तसेच दिल्लीत."

"आणि जायचं असेल तर?"

"लिहा."

शनिवारची संध्याकाळ तो पलंगावर पडून होता. रविवारी सकाळी त्याने नंदकुमारचं यंदाचं पत्र कपाटातून काढलं, त्यातली सामन्यांची तिकिटं काढली, पुन्हा ठेवली. दुपारी एकदा म्हणाला, "सह्या ऑफिसातल्या कुणाच्या घेतल्या तर?" "त्या दिवसांत इथे हजर असलेले हवेत." "वामनराव एक," तो स्वतःशीच पुटपुटला. "मंडळभर करतील. दादापर्यंत जाईल." ती वह्या तपासत होती. तिला वाटलं होतं हा अर्ज मागे घेईल. म्हणजे खेळ जाईल आणि खोटं उरेल, आणि तेवढ्यावरही तिचं भागलं असतं. निदान तो चेहरा रेडिओशी पुन्हा उजळला नसता. पण चारच्या सुमाराला खुर्ची ओढल्याचा आवाज आला. तो लिहायला बसला होता. त्याला जायचं होतं. आई गेली तेव्हा जसं राहायचं होतं तसंच आता जायचं होतं, काहीही किंमत मोजून, आणि त्या हट्टाचा तिला एक क्षण हेवा वाटला. पानं फाडल्याचे आवाज येत राहिले. पाचव्या की सहाव्या कागदाला त्याने आतूनच विचारलं, "आई नऊला गेली ना?"

"नऊ. पहाटे पाच वाजून दहा मिनिटं."

साडेपाचला तो कागद घेऊन खाली उतरला. ऊन अजून होतं. वीणा गॅलरीत आली, वाळलेले कपडे काढायचे होतेच. बाजवा अंगणात खाटेवर बसले होते, भाचा भिंतीशी. फाटक वाजलं नव्हतं, त्यामुळे तो बसूनच राहिला.

"आओ जी आओ, गुरु साहब! पुलिस आई थी, वीणा बेटी ने बताया. दस्तखत चाहिए? लाओ."

"पहले पढ़ लीजिए, बाजवा साहब."

"ऐनक अंदर पड़ी है. तुस्सी पढ़ के सुना दो. क्या पता मेरी जायदाद लिखवा रहे हो!" ते मोठ्याने हसले.

गुरुनाथने वर पाहिलं. ती तिथेच उभी होती, हातात त्याचा शर्ट. तिने मान वळवली नाही. तो वाचू लागला. मी, गुरुनाथ केशव सबनीस, लिहून देतो की. सत्याऐंशीच्या बारा जूनला मी दिल्लीत नव्हतो. नऊ जूनला माझ्या आईच्या निधनाची बातमी मला ऑकलंड येथे फोनवर मिळाली. वीस तारखेचा अंतिम सामना बाकी असल्यामुळे मी परतलो नाही. तेवीसपर्यंत मी तिथेच होतो. याआधी जे सांगितलं ते चूक होतं. सरकारी हिंदी होती, कोरडी. वाचून झालं. भाच्याने मान वर केली होती. बाजवांचे दोन्ही हात मांडीवर होते, तळवे वर, आणि ते त्या तळव्यांकडे बघत होते. कोपऱ्यावर भाजीवाला दोनदा ओरडून गेला.

"हाँ," ते शेवटी म्हणाले. मग पेनसाठी हात पुढे केला, कागद गुडघ्यावर घेतला, आणि सही करायच्या जागी बोट ठेवून, गुरुनाथकडे न बघता, त्यांनी विचारलं, "फिर जीता कौन?"

गुरुनाथचे ओठ हलले.

"सुणया नईं," बाजवा म्हणाले. "ज़रा उच्ची बोलो जी."